एकट्याची जागा

रोस्विता लांगबाइनची मान उजवीकडे वळली की कट्कन वाजायची. हनुवटीखाली व्हायोलिन दाबून धरायचं आणि डोळे मात्र उजवीकडे, पुढे उभं राहून एकट्याने वाजवणाऱ्याच्या गजावर ठेवायचे, हा उद्योग उभा जन्म केल्यावर दुसरं काय होणार! वाइडनबाखच्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर बसून तिने किती पाहुणे येताना-जाताना पाहिले, त्याला गणती नाही. पाहुण्याने यायचं, मधोमध उभं राहून वाजवायचं, फुलं घ्यायची आणि गाडी पकडून लायपझिगला परतायचं. ही आपली खुर्चीला चिकटलेली.

त्या पाहुण्यांतला गावाचा सगळ्यात लाडका म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, फोल्कमार. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी दोन्ही मुलांच्या हातात व्हायोलिन दिलं, पण एका घरातून एकच पुढे उभा राहतो असं म्हणून वायमारच्या मोठ्या गुरूकडे धाडलं ते फोल्कमारला. रोस्विता वडिलांच्याच हाताखाली, त्यांच्या जुन्या वळणाने शिकत राहिली. तिला त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण तेही किती वर्षं वाटून घेणार? माणूस वाईट वाटून घ्यायलाही दमतं.

आता फोल्कमारला सत्तर पूर्ण झाली म्हणून रविवारी सकाळी खास कार्यक्रम ठरला होता. कल्पना टिल्मानची. टिल्मान म्हणजे वाद्यवृंदाचा नवा संचालक, वयाने तरुण आणि झोप पुरी झालेला. कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्यादुकट्याने वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, तिचे तीन जमाने एकाच बैठकीत दाखवायचे, असं त्याच्या डोक्यात होतं. आधी जुना, दोन व्हायोलिनांचा, त्यात भावाच्या जोडीला बहीण. मग त्यानंतरच्या पिढ्यांचा, एका व्हायोलिनचा. मध्यंतरानंतर पुढच्या शतकातला भलामोठा, ज्यात एकट्या माणसाने अख्ख्या वाद्यवृंदाशी झुंज घ्यायची.

"फ्राऊ लांगबाइन, लोकांना सगळा प्रवास दिसेल," टिल्मान म्हणाला होता.

"दिसेल की," ती म्हणाली. तिच्या मते तो प्रवास असा: आधी सगळे मिळून रांधायचे आणि सगळे मिळून जेवायचे. मग एक जण पाटावर बसला आणि बाकीचे वाढायला लागले. पुढे त्या एकाची भूक इतकी वाढली की वाढणाऱ्यांच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली. टिल्मानला ती यातलं काही बोलली नाही. पोरगा उत्साहात होता, कशाला विरजण घाला.

शनिवारच्या तालमीत मधल्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपत आला. वाद्यवृंद एका अधांतरी सुरावर येऊन थांबला. आता एकट्याची जागा, म्हणजे कादेन्झा. इथे सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवायची आणि एकट्याने मनाला येईल तसं फिरून यायचं. त्याचं फिरणं झालं की तो एक लांब ट्रिल घेतो, शेजारशेजारच्या दोन सुरांची थरथर. ती ऐकू आली की सगळ्यांनी एकदम समेवर यायचं. ट्रिल नाही तोवर सम नाही, आणि तोवर कोणी तारेला बोटसुद्धा लावायचं नाही. हा शिरस्ता फार जुना.

फोल्कमारने सुरुवात झकास केली. मग एका वळणावर तो सरळ तिसऱ्या, मध्यंतरानंतरच्या कॉन्चेर्टोच्या कादेन्झात शिरला. दोन्ही एकाच पट्टीतले, डी मेजरमधले. त्यात व्हायोलिनच्या मोकळ्या तारा आपोआप घुमतात, म्हणून ज्याने त्याने आपला कॉन्चेर्टो डीमध्ये लिहून ठेवलेला. इमारतीतले सगळे मजले सारखे दिसावेत आणि माणसाने चुकून शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावावी, तसं झालं. जरा भटकून तो परत आला, ट्रिल घेतली, गाडी पुढे निघाली.

शेजारच्या खुर्चीवरची हेन्रिके कुजबुजली, "अगं, हे नवीन रचलंय का त्यांनी?"

"त्याला काय धाड भरलीये, रचतो काहीतरी," रोस्विता म्हणाली.

दुपारी कँटीनमध्ये बटाट्याचं सूप पुढ्यात घेऊन भाऊ-बहीण बसली. 

"फोल्की, उद्या पुढ्यात स्टँड ठेव."

"कशाला? टेकायला?"

"नोटेशन बघायला."

"लोक हसतील, रोझी. एकटा वाजवणारा कधी कागद बघतो का?"

"आधी सगळे बघूनच वाजवायचे. ही पाठांतराची मिजास नंतरची."

"आणि कादेन्झा? ती तर तेव्हा तिथल्या तिथे रचायचे. पुढच्या रचनाकारांना वाजवणाऱ्याचा भरवसा राहिला नाही म्हणून ते लिहून द्यायला लागले. मीही रचत होतो."

"असं का? मग तुझ्या रचण्यात तिसरा कॉन्चेर्टो कुठून उपटला?"

फोल्कमारने चमचा खाली ठेवला. "तुला कळलं तर."

"जन्मभर तुझ्या गजाकडे बघतेय. मला नाही कळणार तर काय त्या सूप वाढणारीला कळणार?"

तो हळू आवाजात म्हणाला, "खोलीत सगळं नीट येतं गं. इथे उभा राहिलो की पुढचं येतं, पण ते कशाच्या पुढचं तेच कळत नाही."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"वाजवत राहा म्हणाले." 

डॉक्टर असं म्हणाले म्हणजे काय, हे दोघांनाही कळलं. रोस्विताने पाव मोडून त्याच्या वाटीशेजारी ठेवला. "उद्याचं रद्द करू या. ताप आलाय म्हणून सांगते मी."

"नाही. एकदाच, रोझी. एकदाच धड शेवट होऊ दे. उभ्याने वाजवलं तसं उभ्यानेच संपू दे. लोकांनी च्‌च् केलेलं मला नाही सोसायचं. टिल्मानला एक शब्द बोललीस तर तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही."

"वेड्या, बायको गेल्यापासून तुझं सगळं सामान माझ्याच वरच्या मजल्यावर आहे. जाशील कुठे?"

तो हसला. तीही हसली. सूप तसंच राहिलं.

बाहेर जिन्यात टिल्मानने गाठलंच. "फ्राऊ लांगबाइन, तुमचे बंधू ठीक आहेत ना?"

"दमलाय थोडा," ती म्हणाली. "आम्ही सगळेच दमलोय."

रविवारी सभागृह भरलं. बाहेर बर्फाचा चिखल, आत ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. पहिल्या रांगेत गावातल्या म्हाताऱ्या, केस सेट करून आलेल्या. त्यांच्यातल्या निम्म्या कधीकाळी फोल्कमारवर भाळलेल्या होत्या.

दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो सुरेख झाला. त्यात एकाने टाकलेलं वाक्य दुसऱ्याने उचलायचं असतं, बाकीचेही मध्येच तोंड घालतात. कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही. फोल्कमार एकदाही चुकला नाही. टाळ्या घेताना त्याने तिला कोपराने ढोसलं. "बघ, उगाच घाबरवतेस."

मग ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तो मधोमध एकटा उभा राहिला.

वाद्यवृंद अधांतरी सुरावर थांबला. फोल्कमारने कादेन्झा सुरू केली. तेच वळण आलं. झालं! तो शेजाऱ्याच्या घरात शिरला. पण कालच्यासारखा परत आला नाही. तिथून भलत्याच कुठल्याशा कॉन्चेर्टोत गेला, तिथून निघाला, पुन्हा सुरुवातीला आला. एकदा ट्रिलच्या अगदी तोंडाशी पोचला. हॉर्नवाल्याने हॉर्न ओठाला लावला. फोल्कमार बाजूने निघून गेला. हॉर्न परत मांडीवर. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या खूश होत्या. त्यांना वाटलं, आज लांबलचक मेजवानी आहे. वाद्यवृंदात मात्र कोणी कोणाकडे बघत नव्हतं. टिल्मानचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

रोस्विता मान वळवून त्याच्या गजाकडे बघत राहिली. त्याचे हात सुंदर चालले होते, तेच तर वाईट. प्रत्येक सूर जागच्या जागी आणि माणूस कुठेच नाही. पुन्हा तेच वळण आलं. त्याच्या कानशिलावरून घाम गळत होता. आता हा थांबणार, तिला कळलं. गज खाली घेणार आणि या सगळ्या बायांसमोर उभा राहणार, च्‌च् ऐकत.

तिने व्हायोलिन उचललं. हेन्रिकेने तिची बाही धरली, ती तिने झटकली. बसल्या जागेवरून, एकट्याच्या जागेत, तिने ट्रिल घेतली. लांब, मोठी, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी. क्षणभर दोन्ही व्हायोलिनांचे सूर एकमेकांवर आपटले. मग फोल्कमारचा गज थांबला, टिल्मानचा हात उठला आणि सगळे समेवर आले.

लोकांना वाटलं, असंच बसवलेलं असणार. पुढच्या दोन भागांतल्या एकट्याच्या छोट्या जागा टिल्मानने बोटाने खूण करून गाळल्या आणि कॉन्चेर्टो कसाबसा काठाला लागला.

मध्यंतरात फोल्कमार खोलीत खुर्चीवर बसून होता. व्हायोलिन मांडीवर. कोणीतरी दिलेला पुदिन्याचा चहा शेजारी निवत होता.

"टाळ्या चांगल्या पडल्या," तो म्हणाला.

"पडल्या."

"ती ट्रिल मीच घेतली ना?"

"तूच. नाहीतर कोण?"

"खोटारडी. माझी ट्रिल खालच्या सुरावरून सुरू होते, वायमारला तशीच शिकवायचे. आज आली ती वरच्या सुरावरून आली. तशी या गावात दोघंच घ्यायचे, आणि बाबा तर कधीचे गेले." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी हरवलो असेन, रोझी. बहिरा नाही झालो."

"रागावलास?"

"इतका उशीर का केलास?" तो म्हणाला. "मी केव्हाचा दार शोधत होतो."

आता मात्र ती रडली. उभ्या उभ्या, हातात गज तसाच. त्याने तिच्याकडे आपला रुमाल सरकवला आणि म्हणाला, "तिसरा तू वाजव. तुला येतो. तरुणपणी मी खोलीत घासायचो तेव्हा तू भांडी घासता घासता सगळा गुणगुणायचीस. बाबांना ऐकू यायचं. मलाही यायचं."

रोस्विताने नाक पुसलं. हेच तर हवं होतं तिला. किती रात्री तळमळून काढल्या होत्या या एका वाक्यासाठी. तिने मनात आनंद शोधून पाहिला. कसला काय! नुसता शीण हाताला लागला.

"विशीत म्हणाला असतास तर तुझ्या पाया पडले असते रे," ती म्हणाली. "आता नको. आता मला घरी जाऊन पाय वर करून बसायचंय."

दार वाजलं. टिल्मान आत आला. त्याच्या उत्साहाचं पार पाणी झालं होतं. "फ्राऊ लांगबाइन... तिसऱ्याचं काय करायचं?"

"तिसरा राहू दे. पहिल्यातला संथ भाग पुन्हा वाजवू. आम्ही दोघं."

"पण लोकांना आपण तीन जमाने सांगितलेत."

"एक कमी. रविवार आहे, घरोघरी बटाट्याचे गोळे उकळत असतील. लोक दुवा देतील तुम्हाला."

टिल्मान हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. तो बाहेर गेल्यावर फोल्कमार उठला. "मग पहिलं व्हायोलिन तू घे. एवढं तरी घे."

"नको. त्या भागात सुरुवात दुसऱ्या व्हायोलिनने करायची असते, विसरलास? मी सुरू करते. मी जे वाजवीन तेच तू जरा वरून वाजवायचं. तुला काही आठवायचं नाही, फक्त ऐकायचं."

"आणि स्टँड?"

"ठेवणार. दोघांच्या मध्ये एक."

"लोक हसतील."

"हसू देत, मेल्या. चल."

दोघं मधोमध उभी राहिली. रोस्विताचा खांदा ठणकत होता, बुटात पाय सुजले होते. तिने सुरुवात केली. सावकाश उतरत जाणारी ओळ, वडिलांनी त्या दोघांना स्वयंपाकघरात उभं करून शिकवलेली. ओळ संपत आली. इथे त्याने यायचं. सवयीने मान वळायला लागली, ती तिने वळू दिली नाही.

फोल्कमार आला. नेमका, वरून, तिचेच सूर उचलत. मग दोन्ही व्हायोलिनं एकमेकांच्या मागे-पुढे चालत राहिली. तो कागदाकडे बघतच नव्हता, ऐकत होता. ट्रिलची जागा आली, ती त्याच्या वाट्याची. त्याने ती वरच्या सुरावरून घेतली.