लाल झारी

पीएचडीची पदवी हातात यायच्या आधीच घरच्यांनी तिला डॉक्टरीण करून टाकलं होतं, आणि आज त्याच नावाची तिला धास्ती वाटत होती. उद्या परीक्षक काचघरात येणार, आणि लाल खुणेच्या ओळीतली सोयाबीनची बारा रोपं टवटवीत उभी! अहो, ती खुरटायला हवी होती. तुटवड्यात मुळांनी ओढलेलं फॉस्फेट पानांपर्यंत नेणारं जनुक तिने त्या रोपांत बंद केलं होतं. वाळू धुतलेली, पाणी शुद्ध, फॉस्फेट नावापुरतं. अशा उपासमारीत जनुक चालू असलेली शेजारची ओळ कशीबशी तग धरणार आणि ही मान टाकणार, यावर तिची तीन वर्षं उभी होती.

म्हणजे एक तर सगळा सिद्धांतच खोटा, नाहीतर कुणीतरी रोपांना चोरून खाऊ घातलेलं. सोयीची गोष्ट माणूस आधी उचलतो, हिनेही उचलली. माळीकाका हळवे, पान सुकलं तरी हळहळणारे. त्यांनीच खत घातलं असणार, असं तिने दुपारी मार्गदर्शक बाईंना सांगूनही टाकलं. बाईंनी काकांना बोलावून काचघराच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला लावल्या. बावीस वर्षांची नोकरी. मी हात लावला नाही, एवढंच काका म्हणत राहिले, पण ऐकतो कोण!

पुरावा हवा म्हणून तिने लाल ओळीच्या कुंड्यांखाली गळलेलं पाणी नळीत घेतलं आणि फॉस्फेट असलं की निळं करणारं रसायन त्यात टाकलं. दहा मिनिटं तिचा जीव टांगणीला. पाणी निळं झालं. सिद्धांत वाचला म्हणून जीव भांड्यात पडला, आणि मग सवयीने तिने झाऱ्यांतलं पाणीही तपासलं. शेजारच्या ओळीच्या हिरव्या झारीचं पाणी होतं तसंच राहिलं. लाल झारीचं निळंशार झालं.

लाल झारीला शेवाळ धरायचं. ती एक दिवसाआड भांड्यांच्या पावडरीने झारी घासायची, पावडर टाकून भिजत ठेवायची आणि घाईत एकदाच विसळायची. त्या पावडरीत फॉस्फेट असतं. काचेच्या नळ्यांना साबण लावू नये, ही नळावरची पाटी तिच्याच अक्षरातली होती. झारी मात्र तिच्या लेखी भांड्यांत मोडतच नव्हती.

झारी ओतून दिली की कुणाला कळणार होतं? माळ्याची चूक म्हणून ही ओळ वगळता आली असती, आधीच्या हंगामाचे आकडे पुरले असते. चूक तिची ठरली तर सगळेच आकडे संशयात. तिचा हात झारीकडे गेलाही. मग तिने झारीच्या निळ्या पाण्याची नळी उचलली आणि ती बाईंच्या खोलीत गेली.

काका अजून तिथेच उभे होते.

"बाई, काकांनी नाही. मी घातलंय," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

उद्याची तपासणी रद्द, पहिल्यापासून पेरा, असं म्हणून बाईंनी किल्ल्या काकांपुढे सरकवल्या. डॉक्टरीण माफी मागायला काकांकडे वळली.

"ती शेजारची ओळ पिवळी पडत होती ना, ताई," किल्ल्या उचलत काका म्हणाले, "रोज पोटात तुटायचं माझ्या. पण तुमचं काम आहे म्हणून बारा आठवडे बोट लावलं नाही. मला एकदा विचारायचं तरी होतंत."

तिला रडू कोसळलं. काका थांबले नाहीत. काचघर बंद करायची वेळ झाली होती.