नापास व्हायला हवी अशी लेथ

नापास निकालाची एवढी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्या तंत्रनिकेतनातली लोखंड कातायची जुनी मशीन, म्हणजे लेथ, नापास झाली, तरच नवी मिळणार होती. जुनीचे गुण काय सांगू! सरळ लोखंडी दांडा लावा, मुळा बाहेर येतो. बिघडवते ती आणि मार्क जातात पोरांचे. मला याची भयंकर चीड येते.

तंत्रशिक्षण विभागाची अट सोपी होती. एकाच मापाचे पन्नास दांडे मशीनवर काढायचे, मायक्रोमीटरने मोजायचे, आणि मापं किती इकडेतिकडे पळतात त्यावरून मशीनची क्षमता ठरवायची. मापं जितकी जास्त पळतील तितका आकडा लहान; तो एकाच्या खाली आला की मशीन भंगारात. मी शेवटच्या वर्षाच्या पोरांना कामाला लावलं आणि निर्धास्तपणे चहा प्यायले.

कृष्णराव साहेब विभागाकडून तपासणीला आले. त्यांनी स्वतः दांडे मोजले, कॅल्क्युलेटर बडवला, चष्मा पुसला, पुन्हा बडवला.

"मॅडम, अडीच! अशी मशीन तर कारखान्यातही नाही सापडत."

मी पुढे झाले. दांडा उचलून पाहिला तर लख्ख चमकत होता. मी पोरांपैकी सानगडी गावच्या भूपेंद्रला बाजूला घेतलं.

"काय केलं रे हे?"

"काही नाही जी मॅडम. कानस मारली, मंग पालिश पेपर घासला. एकेक दांडा मोजून मोजून बरोबर मापावर आणला."

"पण कशाला?"

"पाहुणे येऊन राहिले होते ना जी! त्याइले असा खडबडीत माल दाखवाचा का? कॉलेजचं नाक कापलं असतं."

"मशीनले रंग पण मारनार होतो," त्याच्या मागोमाग आलेली वर्गातली शुभांगी म्हणाली, "पर डब्बाच सुकला होता."

पाहुणे आले की फुटक्या कानाचे कप मागे सरकवणाऱ्या घरांतली ही पोरं. 'आपली मशीन वाईट दिसू द्या' हे यांना वेगळं सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"मग माझ्यासमोर एक काढा. कानस न मारता," ते म्हणाले.

लेथ कण्हली, थरथरली. साहेबांनी दांड्याची दोन्ही टोकं मोजली, एक जाड आणि एक बारीक निघालं, तसं त्यांनी कागदावर 'मशीन नापास' लिहिलं. मला नाचावंसं वाटलं. पोरं मात्र मयतीला आल्यासारखी उभी होती.

पेन खिशात घालता घालता साहेब थांबले.

"पण पन्नास दांडे हातानं एका मापात? हा करून दाखव बरं."

भूपेंद्रने दातात जीभ धरून तोच मुळ्यासारखा दांडा घासायला घेतला. मग साहेबांनी तो तीनदा मोजला, त्याची पाठ थोपटली, आणि खाली आणखी एक ओळ लिहून मोठ्याने वाचली.

"विद्यार्थी इतके सक्षम आहेत की संस्थेला नव्या मशीनची गरज दिसत नाही."

साहेबांची गाडी गेली. मला त्या पोराचे कान उपटावेसे वाटत होते, आणि त्याच्या अभिमानाने ऊरही भरून आला होता. दोन्ही एकदम.

भूपेंद्र हात पुसत जवळ आला.

"साहेब खुश होऊन गेले ना जी, मॅडम?"