पाद्रीबाई

फोल्कमारने सुळक्याच्या पायथ्याशी गुडघे टेकले, दोन बोटांनी वाळू खोलवर उकरली आणि तळाची चिमूट ओठांना लावली. दोराची वेटोळी खांद्यावर घेऊन आल्मुट मागे उभी होती. गेल्या रविवारी त्याने अशीच वाळू उकरली होती, "ओली" एवढंच म्हणाला होता, आणि दोघं आल्या वाटेने परत गेली होती. ओला वालुकाश्म हातात बिस्किटासारखा तुटतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

"काय म्हणते वाळू?" तिने विचारलं.

"थांब."

"काका, मी पहाटेची गाडी पकडून लाइपझिगहून आलेय."

"वाळूला काय त्याचं?"

त्याने आणखी एक चिमूट घेतली. आल्मुटने खांद्यावरचा दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि वर पाहिलं. पाद्रीचा सुळका बीच झाडांच्या पिवळ्या पानांतून सरळ वर गेला होता. माथ्याजवळ तो दुभंगल्यासारखा दिसत होता. उंच डोकं पाद्रीचं. त्याच्या खांद्याला लागून दुसरं, थोडं बुटकं आणि रुंद. नकाशावर त्याला कालपरवापर्यंत नाव नव्हतं. तिचे वडील मात्र त्याला पहिल्यापासून पाद्रीबाई म्हणत.

वडील, एकेहार्ट, फेब्रुवारीत गेले. एल्बेच्या या खोऱ्यातला एकूण एक सुळका चढलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतले ते एक. चढाईच्या क्लबातल्या मित्रांनी त्यांच्या थडग्यासाठी दगड घेतला, याच डोंगरातला. त्यावर नावाखाली एकच ओळ कोरायची ठरली : 'सर्व शिखरांवर उभा राहिला.' पाथरवटाने खडूने अक्षरं आखूनही ठेवली होती. आणि मग त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त फोल्कमार सायकलवरून त्याच्याकडे गेला आणि काम थांबवून आला. क्लबांच्या समितीने पाद्रीबाईला वेगळं शिखर ठरवलं होतं, आणि त्या शिखरावर एकेहार्ट कधी उभा राहिलेला नव्हता.

आल्मुटला हे आईकडून फोनवर कळलं. आधी तिला हसू आलं होतं. नंतर उन्हाळा सरला, आई दर रविवारी थडग्यावरच्या तात्पुरत्या लाकडी क्रॉसपुढे फुलं बदलत राहिली, आणि हसू आटलं. नोव्हेंबरात मृतांचा रविवार येतो. त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत असतं. आईचं एवढंच म्हणणं होतं, की तोवर दगड उभा राहावा.

"चालेल," फोल्कमार उठत म्हणाला. "कोरडी आहे. बूट काढ."

"या थंडीत?"

"तुझा बाप डिसेंबरात अनवाणी चढायचा."

"आणि मार्चपर्यंत खोकायचा."

बूट मात्र तिने काढले.

खालची चढाई सोपी होती. दोन भिंतींमधली फट, पाठ एकीला आणि पाय दुसरीला लावून वर सरकत जायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फोल्कमार पुढे होता. मध्ये थांबून तो आधारासाठी गाठ मारलेली दोरी भेगेत कोंबायचा, ओढून बघायचा, स्वतःशी पुटपुटत काढायचा आणि पुन्हा कोंबायचा. इथल्या खडकात लोखंड वापरत नाहीत. जुन्या लोकांनी ठोकलेल्या मोजक्या कड्या तेवढ्या आहेत. आणि सोबत्याशी हात मिळवायचा तो माथ्यावर पोचल्यावरच. प्रत्येक गाठीशी आल्मुट खाली ताटकळत उभी राहिली, आणि गार खडक तळव्यांतून पोटऱ्यांपर्यंत चढत गेला.

"ती गाठ मघाशीच बसली होती, काका."

"बसली होती. बरी बसली नव्हती."

हे दोघे असेच बोलत असत, तिचे वडील आणि हा. स्वयंपाकघरात चरबी फासलेल्या पावावर काकडी ठेवून खात, तासन्‌तास. आई वैतागून दार लावून घ्यायची. आल्मुट सोळाव्या वर्षी चढणं सोडून पुस्तकांत शिरली, त्यात या संभाषणांचाही वाटा होता.

दोन डोक्यांच्या मध्ये, पाद्रीच्या बाजूला कट्टा होता, दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा. फोल्कमारने स्वतःला कडीला बांधलं, तिलाही बांधलं, आणि खिशातून सफरचंद काढून अर्धं तिला दिलं. समोर हातभर रुंदीच्या पलीकडे, नाही, हातभर कसली, माणूसभर पोकळीपलीकडे, पाद्रीबाईची भिंत होती. पोकळीत खाली एक भलामोठा धोंडा अडकलेला होता.

"हे बघ," तो म्हणाला. "दोन माथ्यांमधली खिंड ठरलेल्या मापापेक्षा खोल असेल, तर शिखरं दोन. नसेल, तर एक. धोंड्यापर्यंत मोजलं तर भरत नाही. धोंड्याखालून मोजलं तर भरतं."

"आणि समितीने धोंड्याखालून मोजलं."

"अडकलेला धोंडा म्हणजे जमीन नव्हे."

"कोणी ठरवलं हे?"

"मत घेतलं. एका मताने दोन झाली."

तो सफरचंद चावत राहिला. आल्मुटने त्याच्याकडे पाहिलं. सफरचंद इतका वेळ चावावं लागत नाही.

"काका, तुम्ही समितीवर आहात ना?"

"आहे."

"तुमचा हात कुठे होता?"

"वर."

तिने उरलेलं सफरचंद खिशात ठेवलं. काही बोलण्याआधी तिने दोराची गाठ तपासली, मग आणखी एकदा तपासली.

"बाबांना जाऊन दोन महिने झाले नव्हते," ती म्हणाली. "आणि तुम्ही स्वतः? तुम्ही उभे राहिला आहात तिच्यावर?"

"राहिलोय. तेव्हा आम्ही पोरं होतो. मला पलीकडे पोचता येत नव्हतं, मी हा एवढासा. एकेहार्ट इथे उभा राहिला आणि झाड पडतं तसा समोर पडला. हात तिकडच्या भिंतीला, पाय इथे. मी त्याच्या पाठीवरून चालत गेलो आणि तसाच परत आलो. मग दोराने त्याला मागे ओढलं."

"आणि जो पूल होतो, त्याचं शिखर धरत नाहीत."

"नाही धरत."

"म्हणजे तुमची सगळी झाली. त्यांच्याच पाठीवरून. आणि त्यांचं एक कमी. त्यासाठी आई इतके महिने लाकडाच्या क्रॉसपुढे उभी राहतेय. छान आहे हो. फारच छान."

फोल्कमारने सफरचंदाचा गाभा पोकळीत टाकला. तो धोंड्यावर आपटून कडेने खाली गेला. कुठे पडला ते ऐकू आलं नाही.

"पोरी, मी आयुष्यभर एकच म्हणत होतो," तो म्हणाला. "एक सुळका, एक शिखर, धोंडा म्हणजे जमीन. दोन कोण म्हणत होता, माहितेय? तो. दर ख्रिसमसला, दर वाढदिवसाला. आईला विचार. 'नवऱ्याच्या नावावर खपवू नका तिला, ती वेगळी बाई आहे.' डोकं उठवलं होतं त्याने."

आल्मुटला ते वाक्य आठवलं. लहानपणी तिला वाटायचं, ते गावातल्या खऱ्याच कुणा पाद्रीच्या बायकोबद्दल बोलतात.

"पण दोन झाली असती तर त्यांचंच एक कमी पडलं असतं."

"तेच तर. मी म्हटलं, बाबा रे, जा ना एकदा, पलीकडे उभा राहा आणि मग घाल वाद. तर म्हणतो कसा, मग तुम्ही म्हणाल हा स्वतःच्या सोयीचं बोलतोय. गेला नाही. सहा फुटांच्या माणसाला दोन मिनिटांचं काम. गाढव." त्याने नाक पुसलं. "एप्रिलमध्ये समिती बसली. समोर त्याची खुर्ची रिकामी. हरकत घ्यायला कुणीच नाही. मी एकटाच बोलत होतो, धोंडा म्हणजे जमीन. आणि काय सांगू, मलाच पटेना."

खाली झाडीत कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता.

"दोर धरा," ती म्हणाली.

"जातेस?"

"धरा तर."

त्याने दोर कडीतून घेतला आणि कमरेमागून फिरवला. ती कट्ट्याच्या कडेला उभी राहिली. अनवाणी बोटं कडेबाहेर आली. गुडघे वाकवायचे नाहीत, उडी मारायची नाही, नुसतं पडायचं. हे तिला कुणी शिकवलं होतं ते आठवायची गरज नव्हती. ती पडली.

तळवे खडकावर आदळले. खरखरीत, उन्हाने किंचित कोमट. तिने कोपरं ताठ धरली. तिची उंची बरोबर पुरली.

"शाबास," मागून फोल्कमार म्हणाला. "उजवीकडे वर मोठी पकड आहे. ती धर, पाय सोड, की झालीस वर. लेकीने केलं म्हणून समितीपुढे बोलता येईल. मी बोलेन."

पकड तिला दिसत होती. तिच्याकडे न पाहता तिने मान खाली घातली. पोटाखाली धोंडा होता, शेवाळलेला, मध्येच तिरपा अडकलेला. त्याच्याखाली अंधार असेल असं तिला वाटलं होतं. तिथे उजेड होता. पलीकडच्या बाजूने ऊन आत आलं होतं आणि धोंड्याच्या खालून, खूप खालून, बीचची पिवळी पानं दिसत होती. दोन्ही भिंती एकमेकींना कुठेही न टेकता तिथवर गेल्या होत्या.

"ओढा," ती म्हणाली.

"काय?"

"मागे ओढा मला, काका."

"अगं, एक हात वर कर की झालं."

"ओढा."

त्याने ओढलं. शिव्या घालत, धापा टाकत, कडीवर पाय रोवून. ती कट्ट्यावर आली. तिच्या तळहातांना वाळू चिकटली होती. तिने ती झटकली नाही.

"पाथरवटाला सांगा," ती म्हणाली. "ओळ तशीच ठेव म्हणावं. पुढे फक्त एवढं वाढव, 'एक सोडून'."

फोल्कमारने टोपी काढली, पुन्हा घातली.

"सर्व शिखरांवर उभा राहिला," तो सावकाश म्हणाला, जणू दगडावर मापं घेत होता. "एक सोडून." थोड्या वेळाने तो म्हणाला, "स्वल्पविराम लागेल."

"लागेल."

"आई काय म्हणेल?"

"दार लावून घेईल."

तो हसला, आणि मग सैल पडलेला दोर गुंडाळत बसला. दोर गुंडाळून झाल्यावरही त्याचे हात चालू होते. आल्मुटने आपला वाळूचा हात मिळवायला त्याच्यापुढे केला.

फोल्कमारने हाताकडे पाहिलं, मग वर पाद्रीच्या डोक्याकडे. अजून दोन पुरुष उंचीचा चढ बाकी होता.

"इथे नाही," तो म्हणाला. "वर गेल्यावर."