कपाटातलं कापड

शिंप्याच्या धाकटीने प्रोजेक्टच्या शेवटच्या फॉर्मवर स्वतःच्या नावापुढे दहा लिहिले आणि वर समाधानही मानलं. बिझनेस शिकवणाऱ्या त्या खासगी विद्यापीठाची रीतच तशी होती. पाच देशांच्या पाच जणांचा गट करायचा, चार महिने एका कंपनीचा अभ्यास करायचा आणि शेवटी कुणी किती काम केलं याची शंभरातून वाटणी प्रत्येकाने लिहून द्यायची, स्वतःला धरून. गुण त्यावरच ठरत. धाकटीने उरलेले नव्वद चौघांत वाटून टाकले. आपलीच टिमकी वाजवणं तिच्या घरात कुणाला जमलेलं नव्हतं. बाप म्हणायचा, टाका चांगला असला की तो आपण होऊन बोलतो.

बाकीच्या चौघांना असला संकोच ठाऊक नव्हता. गटप्रमुखाला ती मनातल्या मनात सेनापती म्हणे. त्याने स्वतःला बेधडक चाळीस दिले. मीटिंगमध्ये ही तोंडातून ब्र काढत नसे, म्हणून हिच्यापुढे सगळ्यांनी दहा-पंधरा टाकले. खरं तर दुकानादुकानांत फिरून माहिती जमवली हिने, तक्ते केले हिने, अहवालही बराचसा लिहिला हिनेच. पण सकाळी फाईल तयार मिळाली की ती कुणी केली, हे विचारतो कोण?

निकाल लागला आणि पायाखालची जमीन सरकली. एका विषयात साठच्या खाली गेलं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती नाही तर दुसरं वर्ष नाही. ती जिन्यात बसून पोटभर रडली, तोंड धुतलं आणि प्राध्यापक बाईंकडे गेली. बाईंनी तिचाच फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच दहा लिहिलेत. मग इतरांना काय म्हणायचं?"

एक वाट होती. उद्या दहा वाजता गटासमोर आपलं काम सांगायचं. मग सगळ्यांनी फॉर्म पुन्हा भरायचे.

तिने घरी फोन लावला. बाप कोटाला इस्त्री करत होता. टाका आपण होऊन बोलतो असं तुम्हीच सांगितलं होतं, असं ती जरा चिडूनच म्हणाली.

"बोलतो की," बाप म्हणाला. "पण गिऱ्हाइकापुढे कापड बाहेर काढावं लागतं, बाळा. कपाटातला टाका कुणाशी बोलणार?"

दुसऱ्या दिवशी तिने तारीखवार सगळ्या फायली टेबलावर मांडल्या आणि एकेक काम सांगत गेली. मध्ये कुठे थांबली नाही. सेनापती पानं उलटत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"कुणी विचारलंही नाही."

नव्या फॉर्मवर तिने जीव मुठीत धरून स्वतःपुढे चाळीस लिहिले. बाईंनी सगळ्यांचे आकडे वाचून दाखवले. सेनापतीने तिला पन्नास दिले होते. शिष्यवृत्ती वाचली.

संध्याकाळी बापाने आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू स्वतः किती लिहिलेस?"

"चाळीस."

"आणि खरे किती होते?"

ती हळूच म्हणाली, "पन्नास."

"म्हणजे थोडं कापड अजून कपाटातच ठेवलंस की गं," बाप म्हणाला.