उन्हात न येणारं पत्र

बेंगळुरूजवळच्या येलहंक्यातल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी दहा वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, मुंज नव्हती. तरंगानंद स्वामींच्या लॅपटॉपवर मेलेल्या माणसांची पत्रं यायची होती.

स्टेजवर चौरंग, चौरंगावर रेशमी वस्त्र, त्यावर उघडा लॅपटॉप, पडदा लोकांकडे केलेला. त्याच्या मागे हातभर अंतरावर सागवानी देव्हारा. देव्हाऱ्याच्या दाराला काळपट लाल काच, त्यामुळे आतला देव काही दिसत नव्हता. स्वामींनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून चारी बाजूंनी दाखवला. विजेची वायर नाही, टेलिफोनची नाही. साल १९९९. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी लॅपटॉप लांबूनसुद्धा पाहिला नव्हता, आणि थोड्या लोकांच्या घरी इंटरनेट होतं ते टेलिफोनच्या तारेतून किरकिरत यायचं. बिनतारी पत्र म्हटल्यावर लोक हात जोडूनच बसले होते.

"लहर म्हणजे काय?" स्वामी म्हणाले. "दिसत नाही ती लहर. आत्मा म्हणजे काय? दिसत नाही तो आत्मा. मग दोन्ही एकच झालं की नाही, तुम्हीच सांगा."

या हिशेबानं आमच्या गल्लीतलं नळाचं पाणीही आत्माच ठरलं असतं. पण सगळ्या हॉलमध्ये माना डोलत होत्या, आणि पहिल्या रांगेत माझ्या घरमालकीण पुष्पावतीअक्का डोळे पुसत होत्या.

मी श्रीरंग, मूळचा नागपूरचा. हेब्बाळला एका सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्त करायचो आणि येलहंक्यात अक्कांच्या माडीवर राहायचो. अक्कांचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरातलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि मराठीत चिठ्ठी लिहायची झाली तरी ती कन्नड अक्षरांत. यजमान विश्वासराव यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी मापं घेता घेता छातीत कळ येऊन ते गेले. मागे राहिली एकच मुलगी, वाणी, वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. बाराव्या वर्षापासून तिला फिट्स यायच्या. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या लावून दिल्या होत्या, आणि त्या गोळ्यांवर चार वर्षांत एकही फिट आली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी विश्वासरावांचं पत्र आलं. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. विश्वासरावांना इंग्रजीत सहीसुद्धा येत नव्हती, हे त्यांच्या सख्ख्या भावाला, नरसिंगरावांना, चांगलं ठाऊक होतं. त्यांनी विचारलंही. त्यावर स्वामी म्हणाले की वर गेल्यावर सगळ्या लिपी येतात. नरसिंगराव खूश झाले. अक्कांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून पत्र वाणीनंच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: "वाणीला गोळ्या देऊ नका. गोळ्यांनी लहरी अडतात. स्वामींचा अंगारा पुरे." मुलीनं आपल्याच तोंडानं आपलं औषध बंद केलं.

मला हे कळलं तेव्हा मी जिन्यात वाणीला गाठून चांगलंच फैलावर घेतलं. शिकलेली मुलगी तू, असं बरंच काही बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय कळत नाही म्हणता अण्णा? दोन वर्षांत आई आता कुठं नीट जेवायला लागली. बाबा बोलतात म्हणून जेवती. ते मी कसं काढून घेऊ?" मी ठरवलं की याचं उत्तर स्टेजवरच शोधायचं, आणि रविवारी हॉलमध्ये जाऊन बसलो.

हॉलच्या दाराशी नियमांचा फलक होता, कन्नडमध्ये आणि मराठीत. ऊन आत येऊ देऊ नये. देव्हारा आणि यंत्र यांच्यामधून कोणी जाऊ नये, हात नेऊ नये. यंत्र देव्हाऱ्यापासून हातभरापेक्षा लांब नेऊ नये, त्याची पाठ देव्हाऱ्याकडेच असावी. पत्र न आल्यास दहा मिनिटं मौन पाळून पुन्हा प्रार्थना करावी.

फलक मी पुन्हा एकदा वाचला. हे नियम मी लिहिलेले होते.

ऑगस्टमध्ये सुनीलकुमार नावाचा एक गृहस्थ आमच्या सर्व्हिस सेंटरला आला होता. लॅपटॉप आणि मोबाइल बिनतारी जोडतो, पण सकाळच्या वेळी संबंध सारखा तुटतो, अशी त्याची तक्रार. असली तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक तेव्हा महिन्यातून एखादंच यायचं. मी मोठ्या हौसेनं त्याला समजावलं. दोन्ही यंत्रांना एक छोटी काळपट लाल खिडकी असते. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला न दिसणारा उजेड, इन्फ्रारेड, या खिडकीतून त्या खिडकीत जातो. खिडक्या समोरासमोर हव्यात, अंतर हातभर, मधे काही नको. थेट ऊन पडलं की तो उजेड उन्हात हरवतो. तरीही जमलं नाही तर दोन्ही यंत्रं बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायची. सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं. दहा मिनिटांचं मौन तिथून आलं होतं. माझ्या कागदाला लोक बाहेर चपला काढून नमस्कार करत होते, आणि मला हसूही येईना.

स्टेजवर विश्वासरावांना बोलावणं झालं. मी उठलो, खिडकीशी गेलो आणि पडदा सर्रकन बाजूला ओढला. ऊन आत येईल, पत्र अडेल आणि स्वामी उघडे पडतील, असा माझा बेत. पण बेंगळुरूचं आभाळ सकाळपासून ढगांनी भरलेलं. पडदा सरकला, बाहेरचा करडा उजेड आत आला, आणि लॅपटॉपवर पत्र झोकात उमटलं. हॉलमध्ये हशा पिकला. नरसिंगराव म्हणाले, "बसा की हो इंजिनियर. ऊन पण स्वामींचंच ऐकतंय."

मी तिथेच बसायला हवं होतं का, असं पुढे अनेकदा वाटलं. पण तेव्हा डोक्यात तिडीक गेली होती. मी स्टेजवर चढलो, आरतीचं पितळी ताट उचललं आणि देव्हारा आणि लॅपटॉप यांच्यामधे उभं धरलं. लॅपटॉपनं टुंग असा आवाज केला. पडद्यावर एक चौकट आली. पत्र वाचायला स्टेजवर आलेल्या वाणीला आता वाचायची सवय झाली होती. तिनं तेही मोठ्यानं वाचलं, "समोरचं यंत्र सापडत नाही म्हणतंय."

ताट काढलं, टुंग, यंत्र सापडलं. ताट धरलं, टुंग, हरवलं. असं चारदा केलं. स्वामी ताटाला हात घालायला आले तोवर मी देव्हाऱ्याचं दार उघडलं होतं. आत देव नव्हताच. उभा करून ठेवलेला एक मोबाइल होता. विश्वासरावांचं पत्र ज्या नंबरवरून आलं होतं, त्याच नंबरला मी त्या मोबाइलवरून फोन लावला. वधूपक्षाच्या खोलीत घंटी वाजली. लोकांनी दार ढकललं, तर सुनीलकुमार एका हातात दुसरा मोबाइल आणि दुसऱ्या हातात इडली घेऊन बसलेला.

मग मी माईक घेतला आणि सुनीलकुमारकडून वदवून घेतलेलं सगळं सांगितलं. सुनीलकुमार गल्लीत फिरून घराघरातल्या गोष्टी गोळा करायचा. आमचे नरसिंगराव त्याला चहा पाजून भावाच्या सगळ्या आठवणी आपणच सांगायचे. मग तो आतून दुसऱ्या मोबाइलवर मजकूर टाइप करायचा. तो देव्हाऱ्यातल्या मोबाइलवर यायचा, आणि तिथून न दिसणाऱ्या उजेडानं लॅपटॉपवर. मी चांगलं बोललो. टाळ्याही मिळाल्या. स्वामी म्हणत राहिले की आत्म्यालाही वाहन लागतंच, आणि मोबाइल हे वाहन नाही असं आम्ही कधी म्हटलं होतं? पण दुपारपर्यंत ते आणि सुनीलकुमार देव्हारा तिथेच टाकून पसार झाले. मी त्या दिवशी फार खूश होतो. हे कबूल करायला आज लाज वाटते.

अक्का आणि वाणीबरोबर मी घरी आलो. दारात पोचल्यावर मी म्हटलं, आता वाणीच्या गोळ्या सुरू करा.

"अमावास्या होऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्यांचा शब्द मोडायला मन होईना."

"अक्का, तो त्यांचा शब्द नव्हता. त्या माणसानं टाइप केलेला होता. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"बघितलं की. अक्षरं त्यानं दाबली. पण त्याच्या मनात ते कोणी घातलं, ते तुम्ही बघितलं का?"

मी हजार यंत्रं जोडली असतील. ही जोडणी तपासायची कशी ते ठाऊक नसतानाही मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. वाणी मागे उभी होती. तिनं मला खुणेनं गप्प केलं आणि हळूच म्हणाली, "सरी, बरं अण्णा, चार दिवसांनी मीच घेते. आत्ता घेतली तर आई रडेल." मीही थकलो होतो. चार दिवसांनी काय बिघडतं, असं मनात म्हणून मी माडीवर गेलो.

गुरुवारी सकाळी वाणी न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नरसिंगरावांनी आणि मी दार फोडलं. फिट येऊन ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात तोंडावर पडली होती. डॉक्टरांना काही करायला उरलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की गोळ्या कधीपासून बंद होत्या.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी अक्का बस पकडून हेब्बाळला माझ्या सर्व्हिस सेंटरवर आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे आणि शेजारच्या मोबाइलकडे बघत होत्या.

"दोन्ही मशिनी तुमच्याकडे हाईत की," त्या म्हणाल्या. "स्वल्प समोरासमोर ठेवून बघा. मधे कोणी येऊ नका म्हणून सांगा. ह्यांना इंग्लिश येत नव्हतं. वाणी तर शिकलेली. तिला लिहायला जड जायचं नाही."

मी त्यांना सांगितलं की असं काही येत नाही, कधी आलंच नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि त्या बसून राहिल्या. मी पुन्हा सांगितलं. दुपारी नरसिंगराव येऊन त्यांना घेऊन गेले. जाताना नरसिंगरावांनी मला विचारलं की अशी पत्रं मागवायचं शिकायला किती दिवस लागतात.

स्वामी खोटा होता, आणि ते मी सिद्ध केलं. पण माझी सगळी अक्कल मी देव्हाऱ्यातल्या मोबाइलवर खर्च केली आणि वाणीच्या गोळ्यांवर काहीच नाही. तिच्याबरोबर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो असतो, डॉक्टरांना अक्कांशी बोलायला लावलं असतं, अक्कांच्या रडण्याशेजारी चार दिवस बसलो असतो, तर कदाचित ती आज असती. तेव्हा हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. कुठे येत असतील तर ती लिहिणारा जिवंत माणूस शेजारच्या खोलीत असतो. पण त्याला पकडायच्या आधी, कोणाच्या शब्दावरून तुमच्या घरात कुणाचं औषध बंद झालं असेल, तर त्या माणसाला घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. चमत्कार खोटा ठरायची वाट बघू नका. तो खोटाच आहे, त्याला सवडीनं पकडता येईल.