फायाने फाडलेली पानं

रिम्मा साव्हेल्येव्हनाच्या हातातला मुरंब्याचा चमचा हवेतच राहिला. समोर बसलेली डॉक्टर आलेव्तिना, नातीच्या वयाची पोर, आनंदाने सांगत होती, "एकशेवीस दिवस तुम्ही डोकं खाली, पाय वर करून झोपून होता आणि पाळी एकदाही चुकली नाही! लांबच्या अंतराळप्रवासाला ज्या मुली जातील ना, त्यांची औषधं मी याच तक्त्यावरून ठरवलीयत."

तिने पुढे केलेल्या तक्त्याखाली नर्स फायाची सही होती. चाळीस वर्षांनी ते वळण बघून रिम्माला भरून आलं.

काय दिवस होते ते! मॉस्कोतली ती संस्था, अंतराळात वजन हरवलं की बाईच्या शरीराचं काय होतं ते बघायला मांडलेले सहा पलंग, सहा बायका. मान उचलायची सोय नाही. जेवण आडवं, अंघोळ आडवी, रडणंसुद्धा आडवंच. आसवं सरळ कानात जायची. नर्स फाया रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून रिम्माच्या छातीवर ठेवायची. "घे बाई, गेला एक दिवस. पानामागे लोणच्याची कृती छापलीय, चाटत बस."

दुसऱ्या महिन्यात रिम्माची पाळी आलीच नाही. मोठे साहेब तर टपूनच होते: बायकांच्या शरीराचा भरवसा नाही, गुंडाळा प्रयोग! मग तिने आणि फायाने मिळून तक्त्यात खोट्या तारखा भरल्या. तेव्हा वाटलं होतं, आपण बायकांची बाजू राखली.

आता खरं सांगावं तर मेलेल्या फायाच्या नावाला बट्टा. गप्प बसावं तर वर जाणाऱ्या पोरींच्या जिवाशी खेळ.

"तक्ता खोटा आहे," रिम्मा म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

आलेव्तिनाचा चेहरा खर्रकन उतरला. "तीन वर्षं राबलेय मी यावर! आणि या सही करणाऱ्या बाईंना काहीच वाटलं नाही?"

"तिला बोल लावायचा नाही हं, पोरी! थांब जरा."

रिम्माने कपाटातून बिस्किटांचा गंजलेला डबा काढला. आत कॅलेंडरची पानं. दुसऱ्या महिन्यापासूनच्या प्रत्येकाच्या कडेला निळ्या पेन्सिलीने फायाचं अक्षर: 'आज नाही.' 'आजही नाही.' 'रिम्मा रडली. आजही नाही.'

आलेव्तिना टेबलभर पानं लावत सुटली. चहा गार झाला. मध्येच ती थबकली. "प्रयोग एकशेवीस दिवसांचा. ही तर दोनशेच्या वर आहेत."

"फायाला कोण सांगणार, प्रयोग संपला म्हणून! मी घरी आले, तरी रोज ड्यूटीच्या आधी ट्रामने पान घेऊन यायची. मला वाटायचं, आता मूल काही होत नाही. ती म्हणायची, गप गं, मी मोजतेय ना!"

शेवटचं पान मार्चातलं. त्यावर लाल पेन्सिलीने: 'आली! आली गं बाई आमची! सकाळी सहा चाळीस.' खाली तीच वळणदार सही.

"वेळसुद्धा लिहिलीय," आलेव्तिना हळूच म्हणाली.

"मग! नर्स होती ती," रिम्मा म्हणाली आणि तिने बाहीने डोळे पुसले.