बर्नार्ड सरांचा अबोला

मी कस्तुरी. आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपात क्रेनचे बेल्ट तपासते. पाच-पाच टन माल ज्यांच्यावर हवेत लटकतो, ते. बेल्ट शाबूत असला तर मी त्याला रंगीत टेप बांधायची, दर तीन महिन्यांनी नव्या रंगाची. या वेळी हिरवी. हिरवी टेप म्हणजे कस्तुरीनं डोळ्यांनी पाहिलंय, खुशाल काम करा.

रविवारी मी एक काम थांबवलं. बेल्ट आतून कापलेला निघाला. दुसरी कोणी असती तर कॉलर ताठ करून फिरली असती. माझं मात्र धाबं दणाणलं, कारण काम अडलं म्हणून बर्नार्ड सर माझ्याशी बोलेनासे झाले. वसईचा हा माणूस एरवी मला 'जेवलीस का' विचारल्याशिवाय स्वतःचा डबा उघडत नाही. तीन दिवस ते माझ्यासमोरून असे गेले, जणू माझी खुर्ची रिकामीच आहे.

हसा खुशाल. चाळिशीची इंजिनिअर बाई, आणि साहेब बोलत नाहीत म्हणून हिच्या घशाखाली घास उतरत नाही. पण तुमची आई माझ्या आईसारखी नसेल. सांगलीत, सात वर्षांची असताना, मी पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला नाही म्हणाले. आई नऊ दिवस बोलली नाही. मारलं नाही, ओरडली नाही. ताटसुद्धा हळूच ठेवायची. "तिला सांगा, वेणी घालायची असेल तर ये म्हणावं," हे भिंतीकडे बघून. मला वाटायचं, मी मेलेय आणि मला कुणी सांगितलं नाहीये. नवव्या दिवशी मी तिचे पाय धरले, गाणं म्हटलं. मग तिनं विचारलं, "जेवलीस का गं?" तेव्हापासून मी कुणालाही नाही म्हटलेलं नाही. तो रविवार सोडून.

बुधवारी सरांनी टेपचं बंडल माझ्या टेबलावर ठेवलं.

"अकरा बेल्ट उरलेत. उद्या जहाज येतंय. बांधून टाक, बघू नंतर."

तीन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी नियम सांगणार होते, पण टेप हातात घेतली. "हो सर," म्हणाले.

अकराही बेल्टना टेप बांधली, एकही न उलगडता. तेवढ्यात हारून दारात आला. क्रेननं उचललेल्या मालाला हात लावून दिशा देणारा तो. रविवारी त्याचाच जीव वाचला होता.

"मॅडम, आपने खुद देखा ना?"

सर त्याच्या मागेच उभे होते.

"देखा," मी म्हणाले.

"यल्ला, चलो," म्हणत तो गेला. सर म्हणाले, "कस्तुरी, चहा घेतेस?" आणि माझ्या जिवात जीव आला. लाज वाटते, पण आला.

जहाज गेलं. काही झालं नाही. ते अकरा बेल्ट अजून वापरात आहेत. क्रेनचा भोंगा वाजला की मी खिडकीतून हारूनचं पिवळं हेल्मेट शोधते, दिसलं की बसते. बेल्ट परत तपासायचे तर काम थांबवा म्हणावं लागेल. माहूजच्या घरून कामावर येताना रोज गाडीत ते वाक्य पाठ करते.

आजही केलं होतं. दुपारी तोंड उघडणार, तोच सरांनी डबा पुढे ओढला.

"जेवलीस का?"

बाहेर भोंगा वाजत होता. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले.